भिंतीवरचा साप आणि बांधावरचा साप

गेल्या पावसाळ्यात एका गावी शेतीशाळेसाठी गेलो होतो. व्हरांड्यात विषारी सापांचा तक्ता टांगलेला. 'घोणस' म्हणून छापलेले चित्र बघून एक म्हातारे बाबा हसले. म्हणाले, "सायेब, ही घोणस न्हाई, डुरक्या हाय." बाबांचेच खरे होते. तक्ता कोणी तयार केला, कधी छापला, कशाचाच पत्ता नव्हता.

गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. डुरक्या घोणस बिनविषारी, आखूड शेपटीची. खरी घोणस अंगावर साखळीसारखे ठिपके असलेली, कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारणारी आणि जीवघेणी. चुकीचे चित्र पाठ केलेले पोर खऱ्या घोणशीजवळ बिनधास्त जाईल. मण्यार आणि कवड्याचेही तसेच. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक होतात, बिनविषारी कवड्याचे मानेकडे ठळक असतात. ही दोन चित्रे शेजारी शेजारीच हवीत.

सापाइतकेच दंशाचे चित्रही महत्त्वाचे. गोऱ्या कातडीवर लाली, काळेनिळेपणा चटकन दिसतो. आपल्या सावळ्या कातडीवर तो लपतो. म्हणून सूज दुसऱ्या हातापायाशी ताडून बघावी. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दातांची खूण पुष्कळदा दिसतही नाही, सूजही नसते. पोट दुखते, पापण्या जड होतात, पुढे श्वास अडतो. घरचे म्हणतात, अपचन झाले! मिटत चाललेल्या पापण्यांचा फोटो तक्त्यावर असेल, तर हीच गोष्ट वेळेत ओळखू येईल.

देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यात बहुसंख्य खेड्यांतली. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने २०२४ साली राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींना विनंती, की तक्ता लावण्याआधी चार गोष्टी बघाव्यात. तयार करणाऱ्या संस्थेचे नाव व साल छापलेले आहे का? नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही आपल्याकडचेच आहेत का, पिल्लांसह? दंशाचे फोटो आपल्यासारख्या कातडीचे आहेत का? आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी तक्ता तपासला आहे का? मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रांनाही हीच कसोटी लावावी. रुग्णाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय काढू नये, चेहरा तर पुढे पाठवूच नये.

शेतकरी बंधूंनो, एक मात्र ध्यानात ठेवा. साप ओळखता आला नाही म्हणून उपचार अडत नाहीत. प्रतिसर्पविषाचे इंजेक्शन या चारही सापांवर एकच असते आणि डॉक्टर लक्षणे बघून ते देतात. विषाने रक्त गोठणे बिघडले का, हे काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटे ठेवून कळते. तेव्हा साप मारायच्या, पकडायच्या नादी लागू नका. बांगड्या, जोडवी, अंगठी काढा. दंशाचा हातपाय हलू देऊ नका. घट्ट आवळू नका, कापू नका, चोखू नका. देवळात की दवाखान्यात, हा वाद घालत बसू नका. १०८ ला फोन लावा.

त्या गावचा तक्ता आम्ही त्याच दिवशी उतरवला. आपल्या गावचा एकदा बघाच.