आकार सगळ्यांचा, चेहरा एकाचा

न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात 2015 साली लिंकन कंपनीने ‘कॉन्टिनेन्टल’ची कॉन्सेप्ट कार, म्हणजे उत्पादनाआधी लोकांचा कल अजमावण्यासाठी घडवलेली नमुन्याची गाडी, मांडली आणि बेंटलीचे तेव्हाचे मुख्य डिझायनर ल्युक डोंकरवोल्के भडकले. ही आमचीच ‘फ्लाइंग स्पर’ आहे, हवे तर साचेही पाठवून देतो, अशा आशयाचा टोला त्यांनी जाहीरपणे हाणला. दोन्ही गाड्या बाजूने पाहिल्या तर त्यांच्या संतापाचं कारण कळतं. मागे उतरत जाणारं छत, मागच्या चाकावरचा फुगवटा, खिडक्यांभोवतीची चकचकीत पट्टी, सगळं सख्ख्या भावंडांसारखं. पण समोर येऊन उभं राहिलं की चित्र पालटतं. बेंटलीला चार गोल दिवे आहेत. लिंकनचे दिवे चौकोनी आणि ग्रिल कंपनीच्या ताऱ्याच्या चिन्हांची विणलेली. माझ्या मते चोरीचा आरोप इथेच डळमळतो. अतिमहागड्या गाड्यांचा बाह्याकार ही सामाईक मिळकत आहे; कंपनीची खरी मालकी असते ती चेहऱ्यावर.

हा बाह्याकार कुणा एकाच्या डोक्यातून निघालेला नाही. 1930 च्या दशकात दांडग्या गाडीत एका रांगेत आठ सिलिंडर किंवा बारा सिलिंडरचं अवजड इंजिन असे आणि त्याला लांबलचक बॉनेट लागे. मालक मागे बसणार, म्हणून मागची जागा प्रशस्त. लांब नाक, मोठी चाकं आणि मागे सरकलेलं केबिन ही श्रीमंतीची खूण ठरली ती अशी, यंत्राच्या गरजेतून. ती गरज संपली तरी खूण टिकली, याचा पुरावा 2016 मध्ये मिळाला. जूनमध्ये रोल्स-रॉइसने ‘103 ईएक्स’ ही कॉन्सेप्ट कार दाखवली आणि ऑगस्टमध्ये मर्सिडीज-मायबाखने ‘व्हिजन 6’. दोन्ही विजेवरच्या, म्हणजे पुढे इंजिन नाहीच. तरी दोघींची बॉनेटं गलबतासारखी लांब. रोल्स-रॉइसने तर पुढच्या चाकामागच्या मोकळ्या जागेत सामानाचा कप्पा केला आणि तो बाजूने आपोआप उघडेल अशी सोय केली. या दोन प्रतिस्पर्ध्यांना एकमेकांची वही चोरून पाहायची काहीच गरज नव्हती. गिऱ्हाईक ज्या खुणेने ऐश्वर्य ओळखतं, ती खूण दोघांनीही जपली, इतकंच.

यावर कुणी विचारेल, आकारच सामाईक असेल तर कोट्यवधी रुपये मोजणारा नेमकं विकत काय घेतो? याचं सर्वांत स्पष्ट उत्तर 1998 च्या व्यवहारात आहे. फोक्सवॅगनने 43 कोटी पौंड मोजून इंग्लंडमधल्या क्रू गावचा रोल्स-रॉइस आणि बेंटलीचा कारखाना घेतला. त्याबरोबर बॉनेटवरची पुतळी आणि ग्रिलच्या आकाराचे हक्कही आले. रोल्स-रॉइस हे नाव मात्र विमानाची इंजिनं बनवणाऱ्या वेगळ्या कंपनीकडे होतं आणि ते बीएमडब्ल्यूने 4 कोटी पौंडांना मिळवलं. एकाकडे चेहरा, दुसऱ्याकडे नाव. एकट्याने कुणालाच रोल्स-रॉइस बनवता येईना. शेवटी तडजोड झाली. बेंटली फोक्सवॅगनकडे राहिली आणि 2003 पासून रोल्स-रॉइस बीएमडब्ल्यूच्या गुडवूड इथल्या नव्या कारखान्यात बनू लागली. त्याआधी, 1965 पासून, रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो आणि बेंटली टी या जवळजवळ एकाच अंगाच्या गाड्या ग्रिल आणि बोधचिन्ह बदलून दोन नावांनी विकल्या जात होत्याच. रोल्स-रॉइसची ग्रिल ग्रीक मंदिराच्या दर्शनी भागासारखी: उभ्या खांबांची रांग आणि वर त्रिकोणी माथा. डोळ्यांना सरळ दिसावी म्हणून ती किंचित बाकदार घडवण्याची जुनी रीत आहे. एवढा जीव ज्या भागावर ओतला जातो, तो कुणी उचलला तर ती चोरीच.

आकाराला अशी मोकळीक दिली तर नकलाकारांना रान मोकळं मिळेल, हा आक्षेप वजनदार आहे. पण तो खरा असता तर टाटा मोटर्सच्या जॅग्वार लँड रोव्हरला चीनमध्ये न्याय मिळाला नसता. तिथल्या ‘लँडविंड एक्स 7’ या गाडीने रेंज रोव्हर इव्होकची हुबेहूब छबी उतरवली होती. इव्होक नोंदणीआधीच लोकांसमोर आल्यामुळे तिच्या डिझाइनची चीनमधली नोंदणी 2016 मध्ये रद्द झाली. तरीही 2019 मध्ये बीजिंगच्या न्यायालयाने इव्होकची पाच खास वैशिष्ट्यं थेट उचलल्याचं मान्य करून लँडविंडची विक्री थांबवायला सांगितलं. एकूण साम्य दिसतं एवढ्यावर बोट ठेवून तो निकाल लागला नाही, तर नेमकं काय उचललं ते दाखवता आल्यामुळे लागला. त्याच कसोटीवर 2009 मध्ये शांघायला मांडलेली गीली या चिनी कंपनीची ‘जीई’ ही गाडी सपशेल नापास होते. तिने रोल्स-रॉइस फँटमचा नुसता भारदस्तपणा घेतला नव्हता, तर तिची उभी ग्रिल आणि बॉनेटवरची आकृतीसुद्धा घेतली होती.

डोंकरवोल्के नंतर ह्युंदाई समूहात दाखल झाले आणि तिथल्या जेनेसिस या महागड्या गाड्यांचं रूप घडवू लागले. बेंटलीतले त्यांचे सहकारी सांगयुप ली हेही पाठोपाठ आले. आता जेनेसिसमध्ये बेंटली शोधणारे कमी नाहीत आणि उतरत्या छतात ती सापडतेही. पण त्या गाडीला समोरून ओळख दिली ती दिव्यांच्या दोन समांतर रेघांनी आणि ढालीच्या आकाराच्या ग्रिलने, ज्या बेंटलीकडे नाहीत. लिंकनला जे माफ करायला हवं होतं, ते जेनेसिसलाही माफ करायला हवं. जेनेसिसचं पंखांचं बोधचिन्ह मात्र, डोंकरवोल्के येण्याआधीपासून असलं तरी, बेंटलीच्या इतकं जवळ जातं की त्याबद्दलची तक्रार मला रास्त वाटते.