दोन चाकांचा वेग व चार चाकांचा वेग

वेग तोच असला, तरी शर्यतीच्या मोटारींत व मोटारसायकलीवर त्याचा अनुभव निराळा येतो. हा भेद वळणावर विशेष जाणवतो.

मोटार वळते, पण आंतील मनुष्याचें शरीर सरळच जाऊं पाहतें. म्हणून तो बाहेरच्या बाजूस लोटला जातो व आसनाच्या आधारानें जागीं राहतो. मोटारसायकलस्वार मात्र वाहनासह वळणाच्या आंत कलतो. त्याचें वजन व बाहेरची ओढ मिळून त्याला बैठकींतच दाबतात. ४५ अंश कललें असतां अंग सुमारें १.४ पट जड झाल्यासारखें वाटतें. पक्ष्याच्या गिरकीसारखा हा आनंद मोटारींत मिळत नाहीं.

परंतु त्याचें मोलही मोठें आहे. मोटारसायकलीचें चाक जमिनीला जेमतेम तळहाताएवढ्या भागानें टेकतें. कललेल्या स्थितींत ब्रेक जोरानें दाबला, कीं पुढचें चाक निसटून स्वार पडतो. मोटार अशा वेळीं घसरते, पण बहुधा चाकांवरच राहते. चालकाला सावरण्यास अवसर मिळतो.

दोन्ही विद्यांत जगज्जेता ठरलेला पुरुष आजवर एकच झाला, तो इंग्लंडचा जॉन सर्टीझ (१९३४–२०१७). १९५६, १९५८, १९५९ व १९६० सालीं त्यानें ५०० सीसी मोटारसायकलींचें आणि १९६४ सालीं फेरारी संघाकडून फॉर्म्युला वनचें जगज्जेतेपद मिळविलें.

सामान्य स्वारानें मात्र एवढेंच ध्यानांत ठेवावें, कीं वेग आवरावयाचा तो वळण येण्यापूर्वींच. वळणांत शिरल्यावर तो विचार करण्यास उशीर झालेला असतो.