शेंगदाण्यातले न दिसणारे विष

उपवासाची खिचडी, भाजीतले कूट, चटणी, चिवडा. शेंगदाण्याशिवाय आपले स्वयंपाकघर चालत नाही. नाशिक जिल्ह्यात खरिपाचा भुईमूग काढणीला येतो, तेव्हा त्याला अनेकदा परतीचा पाऊस गाठतो. ओलसर शेंगा पोत्यात भरल्या की त्यांवर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही पिवळसर हिरवी बुरशी वाढू शकते. ती जे विष तयार करते, त्याचे नाव तिच्याच नावावरून पडले : ॲफ्लाटॉक्सिन.

हे विष लक्षात आले ते १९६० साली. इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती. भारतात १९७४ च्या अखेरीस गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा भागात अवकाळी पावसाने भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन सुमारे ४०० लोक आजारी पडले, त्यांतील १०६ दगावले. त्यांना कावीळ झाली होती, पोटात पाणी साठले होते. म्हणजे घाव यकृतावर होता.

असे का होते? यकृत या विषाचे रूपांतर करते, पण त्यातून तयार होणारा एक पदार्थ पेशीतील डीएनएला चिकटतो. त्यामुळे थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेल्यास यकृताचा कर्करोग होऊ शकतो. हिपॅटायटिस-बी झालेल्यांना हा धोका कितीतरी अधिक असतो.

मग 'थोडे' म्हणजे किती? खाण्यास तयार शेंगदाण्यासाठी भारतात किलोला १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. दहा टनांच्या ट्रकमध्ये सगळे मिळून एक दशांश ग्रॅम! आता समजा, अर्ध्या ग्रॅमच्या एकाच सडक्या दाण्यात ५०० मायक्रोग्रॅम विष आहे. तो दहा किलो दाण्यांत मिसळला, तर सरासरी किलोला ५० मायक्रोग्रॅम होते, म्हणजे मर्यादेच्या पाचपट. म्हणून एका मूठभर नमुन्यावरून साऱ्या पोत्याची खात्री देता येत नाही.

पाकिटावर हे का छापलेले नसते? शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी 'यात शेंगदाणा आहे' अशी सूचना छापणे बंधनकारक आहे, कारण तो घटक मुद्दाम घातलेला असतो. ॲफ्लाटॉक्सिन कोणी घालत नाही. त्याचे प्रमाण कायदा ठरवतो आणि ते तपासते प्रयोगशाळा. सुट्या शेंगदाण्यांना तर लेबलही नसते. तिथे आपले डोळे हीच पहिली तपासणी.

भाजल्याने हे विष पुरते नष्ट होत नाही. तेल काढल्यावर ते बरेचसे पेंडीत उरते आणि ती पेंड खाणाऱ्या गाईच्या दुधात बदललेल्या रूपात उतरते.

वर्गात पावशेर शेंगदाणे कागदावर पसरून विद्यार्थ्यांना निवडायला सांगा : सुरकुतलेले, काळपट, फुटके, बुरशी आलेले. चव मात्र कोणी घेऊ नये. वेगळे काढलेले दाणे मोजा आणि टाकून द्या, गुरांनाही घालू नका. मात्र चांगला दिसणारा प्रत्येक दाणा निर्दोष असेलच असे नाही, हेही सांगा. खरा उपाय शेतात आणि कोठारात आहे : शेंगा लगेच वाळवणे, ओल लागू न देणे. शेतकऱ्यांची मुले वर्गात असतील, तर हा धडा घरापर्यंत पोहोचेल.