वस्तऱ्याच्या मानेवरचा इतिहास

शेफिल्डचा जुना वस्तरा हाती आला की जाणकार संग्राहक धार नंतर पाहतो, आधी पात्याची मान पाहतो. पातं मुठीत शिरतं तिथल्या बोटभर जागेत कारखानदाराचं नाव, गाव आणि कधीकधी मुकुटासह राजाची आद्याक्षरं ठोकलेली असतात. ‘डब्ल्यूआर’ म्हणजे चौथा विल्यम, अर्थात १८३० ते १८३७ ही सातच वर्षं. ‘व्हीआर’ म्हणजे व्हिक्टोरियाची पुढची दीर्घ कारकीर्द. देशाचं नाव ठळकपणे वेगळं ठोकलेलं असेल, तर वस्तरा बहुधा १८९१ नंतरचा. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं होतं.

काही पात्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ अशी अक्षरं असतात. त्यांचा माग काढत गेलं, तर आपण थेट मुंबईत येतो. १७९४ मध्ये मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना हिंदुस्थानी पोलादाचे नमुने धाडले. मुशीत वितळवून केलेलं हे पोलाद, म्हणजे वूट्झ. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांचा त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. लंडनमध्ये शस्त्रक्रियेची हत्यारं आणि वस्तरे बनवणारे जेम्स स्टोडार्ट यांना तर या पोलादाने वेडच लावलं. युरोपातल्या सर्वोत्तम पोलादापेक्षा आपण हेच पसंत करतो, असं त्यांनी आपल्या दुकानाच्या जाहिरातीत छापलं.

याच स्टोडार्ट यांनी तरुण मायकेल फॅरेडेला हाताशी धरलं. फॅरेडेने १८१९ मध्ये वूट्झचं पृथक्करण केलं, मग दोघांनी पोलादात प्लॅटिनम, ऱ्होडियम, चांदी मिसळून पाहिली. १८२० आणि १८२२ मध्ये त्यांचे निबंध आले. चांदीचं प्रमाण पाचशेत एक भाग एवढंच ठेवावं लागे. त्याहून जास्त घातली, तर निवताना ती बाहेर पडे. या मिश्रधातूंचे वस्तरे फॅरेडेने मित्रांना भेट दिले. शेफिल्डच्या ग्रीन, पिक्सले आणि कंपनीनेही हे पोलाद करून पाहिलं. पुढे ‘सिल्व्हर स्टील’ हे नाव बाजारात चाललं आणि पोलादातली चांदी मागे पडली. आज इंग्लंडमध्ये त्या नावाने विकलं जाणारं पोलाद चांदीविनाच असतं. फॅरेडेच्या मूळ नमुन्यांची पेटी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये पडून होती. सर रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी तिच्यातल्या ७९ तुकड्यांची तपासणी करून १९३१ मध्ये ग्रंथ लिहिला.

अशा पात्यावर पॉलिश कागद चालवायचा तो जपूनच. मानेवरची अक्षरं फार खोल नसतात. भरड कागदाचे चार हात जास्त फिरले की राजाही गेला आणि गावही गेलं. तांबूस गंज तेल लावून, बारीक कागदाने हळूहळू निघतो. त्याखालचे काळे खड्डे धारेपर्यंत पोचले असतील, तर मात्र ते पातं दाढीच्या कामाचं नाही. फिरत्या चाकावर घासण्याचा मोह टाळावा. पातं तापून निळसर झालं की पोलादाचं पाणी उतरलं, आणि नव्याने पाणी देणं हे घरी जमणारं काम नव्हे.

मूठही बारकाईने पाहावी. अंगठ्याने घासून कापराचा वास आला, तर ती सेल्युलॉइडची. हे सेल्युलॉइड कुजू लागलं की त्यातून निघणारे आम्लधर्मी वायू शेजारच्या पात्यालाच खातात. अशी मूठ वेगळी करून ठेवणं इष्ट. शिंगाची मूठ वाळून तडकते, तिला तेल मानवतं. हस्तिदंती मूठ असेल, तर खरेदी-विक्रीच्या भानगडीत पडू नये. आपल्याकडे कायदा आड येतो.

धार लावताना पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवायची. कोन पात्याच्या घडणीतच ठरलेला असतो. हजार नंबरच्या दगडापासून आठ-बारा हजारांपर्यंत जायचं आणि शेवटी चामड्यावर परजायचं, तेही पाठ पुढे ठेवून. धार पुढे गेली की पट्टा कापला आणि धारही बसली.

१९०३ मध्ये जिलेटचा सुरक्षित वस्तरा बाजारात आला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने तो आपल्या सैनिकांना दिला आणि दाढीची सवयच बदलली. आपल्या सलूनमध्ये नंतर अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आला. आजोबांच्या धोकटीतला, परजून वापरायचा वस्तरा अडगळीत गेला. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात असं एखादं पातं दिसलं, किंवा घरच्याच माळ्यावर सापडलं, तर लगेच चकचकीत करायला घेऊ नका. आधी मानेचा फोटो काढा, अक्षरं उतरवून ठेवा आणि वस्तरा कोणाचा होता ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. गंज पुढच्या महिन्यातही काढता येईल.