जुना पिकअप घेताना : धूर, कागद आणि हप्ता

भिलाईचे नाव घेताच डोळ्यांपुढे पोलाद कारखाना उभा राहतो. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून तो आकारास आला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याच्या निमित्ताने विदर्भातून आलेली कित्येक मराठी कुटुंबे पुढे येथेच स्थिरावली. कारखान्याचा अवजड माल रेल्वेने आणि मोठ्या ट्रकांनी जातो; परंतु हातखोजच्या औद्योगिक वसाहतीतील सुटे भाग, सुपेला बाजारातील भाजीपाला किंवा पॉवर हाउसच्या दुकानांतील पत्रे आणि सिमेंट वाहून नेतो तो डिझेलवर चालणारा लहानसा पिकअप.

निवृत्तीच्या रकमेतून अथवा कर्ज काढून मुलाला असा एखादा पिकअप घेऊन द्यावा, हा विचार येथील अनेक घरांत होत असतो. नव्या गाडीची किंमत झेपत नाही, म्हणून जुनी पाहिली जाते. मग एखादा विक्रेता बाजारभावापेक्षा बरीच कमी किंमत सांगतो व सहज म्हणतो, "इंजिनाचे थोडे काम आहे, एवढेच." हे ‘थोडे’ म्हणजे नेमके किती, याची शहानिशा पैसे देण्यापूर्वी होणे अगत्याचे आहे. कारण गाडी मिस्त्रीच्या दारात उभी राहिली तरी कर्जाचा हप्ता उभा राहत नाही.

उदाहरणादाखल, द. सा. द. शे. १२ दराने ३ लाख रुपयांचे कर्ज ३ वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ९,९६४ रुपये होतो. अडीच लाखांचे घेतले तर तो सुमारे ८,३०४ रुपये होतो. इंजिनाचा दोष दाखवून किंमत ५० हजारांनी कमी करून घेतली, तर दरमहा १,६६० रुपयांचा फरक पडतो. तो आवर्ती ठेवीत टाकावा, दुरुस्तीचा पैसा तेथूनच उभा राहतो. मात्र सुटलेल्या रकमेपेक्षा इंजिनाचा खर्च व गाडी बंद राहण्याच्या दिवसांचे बुडालेले भाडे अधिक होणार असेल, तर ती ‘स्वस्त’ गाडी महागात पडली म्हणायची.

गाडी पाहण्यास सकाळी जावे आणि ती आधी चालू करून ठेवू नये, असे विक्रेत्यास बजावावे. बॉनेटला हात लावून इंजिन खरोखर थंड आहे ना, हे पाहावे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबामुळे हवा इतकी तापते की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. दाब कमी पडू लागला की त्याची पहिली चुगली थंड इंजिन करते. गरम इंजिन मात्र पुष्कळ दोष झाकून नेते.

मग धुराकडे पाहावे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. कधी नुसता एअर फिल्टर तुंबलेला असतो, कधी नोझल खराब झालेले असतात. हा दोष बहुधा आटोक्यातला. निळसर धूर मात्र इंजिन ऑइल जळत असल्याचे सांगतो. रिंग झिजल्या असतील, व्हॉल्व्हचे सील गेले असतील किंवा टर्बोतून ऑइल गळत असेल. पांढरा धूर थंडीत क्षणभर येऊन गेला तर चिंता नाही. तो गाडी तापल्यावरही थांबत नसेल व रेडिएटरमधील पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसले, तर तो संशय आणखी बळावतो.

इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडावे. तेथून धुराचा जोरदार भपका येत असेल, तर त्यास गॅरेजमध्ये ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. सिलिंडरमधील दाब रिंगांवरून खाली निसटत असल्याची ती खूण आहे. अशा वेळी गेजने प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. ‘हाफ इंजिन’ म्हणजे रिंग, बेअरिंग, व्हॉल्व्ह एवढ्यावर भागेल, की बोअर, पिस्टन, क्रँकसह ‘फुल इंजिन’ बांधावे लागेल, हे त्यावरून पुष्कळसे ठरते. दोन्हींच्या खर्चात मोठे अंतर असते. म्हणून लेखी अंदाजपत्रक घ्यावे, आणि तेही विक्रेत्याच्या ओळखीच्या नव्हे, आपल्या मिस्त्रीकडून.

गाडीचे वयही येथे महत्त्वाचे ठरते. जुन्या यांत्रिक पंपाची इंजिने साधा मिस्त्रीही जाणतो. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बी.एस.-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ मानक लागू झाले. त्या गाड्यांतील कॉमन रेल पंप व इंजेक्टर तपासण्यास खास यंत्र लागते, आणि इंजेक्टर बदलणे खर्चाचे काम आहे. अशी गाडी संगणकावर तपासल्याखेरीज घेऊ नये.

या भागाचा म्हणून एक विशेष आहे. दल्ली-राजहऱ्याच्या खाणीतील लोहखनिज आणि नंदिनीचा चुनखडक या कारखान्यात येतो. गाडी खाणीकडे किंवा राखेच्या कामावर राबलेली असेल, तर तिने बारीक, कठीण धूळ पोटात घेतलेली असते. फाटक्या एअर फिल्टरमधून आत गेलेली ही धूळ बोअर घासून टाकते. त्यासोबत पाटे व चॅसिसही पाहावेत. वाजवीपेक्षा जास्त भार वाहिलेल्या गाडीचे पाटे चपटे झालेले असतात आणि चॅसिसवर वेल्डिंगच्या खुणा दिसतात. मीटरवरील किलोमीटरपेक्षा या खुणांवर मी अधिक विश्वास ठेवीन.

इंजिनाचा दोष पैसा खर्चून निघतो, कागदांचा दोष तसा निघत नाही. आर.सी.वरील इंजिन व चॅसिस क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. भंगारातून दुसरे इंजिन आणून बसवलेले असेल आणि त्याची परिवहन कार्यालयात नोंद नसेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा. नागपूर येथून सुमारे २६० किलोमीटरवर असल्याने ‘एम.एच.’ क्रमांकाच्या गाड्या दुर्गच्या बाजारात येणे नवलाचे नाही. अशा गाडीस मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, आवश्यक असते. हस्तांतरणासाठी नमुने २९ व ३० आणि आधीचे कर्ज फिटले असल्यास बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ लागतो. आर.सी.वर दुसऱ्या संस्थेचा बोजा शिल्लक असताना केवळ तोंडी आश्वासनावर रक्कम देऊ नये.

विकणाऱ्यानेही सावध राहावे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिलेल्या निर्णयानुसार, गाडी विकली तरी आर.सी.वर ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार धरला जातो. खरेदीदाराने विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावे करण्यासाठी अर्ज द्यावा. विक्रेत्याचा ‘नो क्लेम बोनस’ त्यास मिळत नाही, आणि इंजिनाची झीज वा यांत्रिक बिघाड सर्वसाधारण विम्यात धरलेला नसतो, हेही ध्यानात असावे. फिटनेस प्रमाणपत्राची मुदत पाहावी. ती संपत आली असेल, तर त्या खर्चाची घासाघीस आताच करावी.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर व एअर फिल्टर बदलावेत, कारण आधीच्या मालकाने ते केव्हा बदलले याचा पुरावा सहसा नसतो. मे महिन्यात या भागात पारा ४५ अंशांकडे जातो. त्यापूर्वी रेडिएटर बाहेरून धुऊन घ्यावा, फॅन बेल्ट तपासावा आणि नुसत्या पाण्याऐवजी कूलंट भरावे. टर्बो असलेली गाडी भार ओढून आल्यावर मिनिटभर तशीच चालू ठेवून मग बंद करावी. पावसाळ्यात डिझेल फिल्टरखालचा बोल्ट सैल करून साचलेले पाणी दर पंधरवड्याने काढून टाकावे. या कामास पाच मिनिटे लागतात व मिस्त्रीची गरज पडत नाही. घरातील जो मुलगा गाडी चालवणार आहे, त्यालाच ते शिकवावे, आणि ऑइल बदलल्याची तारीख व किलोमीटर लिहिण्यासाठी डॅशबोर्डच्या खणात एक वही ठेवावी. पुढे ही गाडी विकावयाची झाल्यास खरेदीदार हीच वही मागेल.