अडकलेला ब्रेक : निदान आणि दुरुस्ती

पावसाळाभर अंगणात उभी राहिलेली जुनी मोटारसायकल बाहेर काढावी, तर ती ढकलता ढकलत नाही आणि हललीच तर पुढच्या चाकातून घासल्याचा आवाज येतो, असा अनुभव अनेकांना येतो. गॅरेजच्या भाषेत याला ‘ब्रेक जाम होणे’ म्हणतात. दाबलेला ब्रेक न लागणे जितके घातक, तितकेच लागलेला ब्रेक न सुटणेही घातक असते. अशी गाडी तशीच चालवली, तर सतत घासून ब्रेकची तबकडी तापते. ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते, ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि नेमक्या गरजेच्या क्षणी लिव्हर दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणूनच हा दोष समजून घेणे महत्त्वाचे आहे.

मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेल्या मोटारसायकलींमध्ये द्रवाच्या दाबावर चालणारा डिस्क ब्रेक रूढ करण्याचे श्रेय होंडा कंपनीच्या १९६९ मधील सीबी ७५० या गाडीला दिले जाते. भारतात १९९९ ची हीरो होंडा सीबीझेड आणि २००१ ची बजाज पल्सर यांसारख्या गाड्यांमुळे तो सर्वसामान्य चालकाच्या परिचयाचा झाला. त्याचे कार्य सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांनी मांडलेल्या नियमावर आधारलेले आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. समजा, लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरमधील दट्ट्याचे क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर आणि चाकाजवळच्या कॅलिपरमधील दट्ट्याचे ६ चौरस सेंटिमीटर आहे. तर चाकाजवळ मिळणारे बल सहापट होते. या बलाने ब्रेक पॅड तबकडीवर दाबले जातात आणि चाक थांबते.

लिव्हर सोडल्यावर दट्ट्या मागे कसा येतो? कॅलिपरमध्ये त्यासाठी स्प्रिंग नसते. दट्ट्याभोवती चौकोनी छेदाचे एक रबरी सील असते. दट्ट्या पुढे सरकताना हे सील किंचित वाकते आणि दाब जाताच पूर्वस्थितीत येऊन दट्ट्याला केसभर मागे ओढते. ऑइल गळू न देणे आणि दट्ट्या मागे आणणे, अशी दोन्ही कामे हे एकच सील करते. बिघाडाचे मूळ बहुधा त्याच्याच आसपास सापडते.

ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते. डॉट ४ प्रकारचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या ऑइलची ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. याच ओलाव्यामुळे पोलादी दट्ट्यावर गंजाचे खड्डे पडतात आणि अॅल्युमिनियमच्या कॅलिपरमध्ये, सीलच्या खाचेत, पांढरी कठीण भुकटी साचते. ही भुकटी सीलला मागून रेटते आणि दट्ट्या आवळला जातो. ज्या कॅलिपरला सरकण्यासाठी पिना असतात, तेथे ग्रीस सुकल्यानेही तो अडकतो.

तथापि दोष कॅलिपरमध्येच आहे, असे आधीच गृहीत धरू नये. प्रथम चाक जमिनीपासून उचलून हाताने फिरवावे, ब्रेक दाबून सोडावा आणि चाक अडकल्यास कॅलिपरवरील हवा काढण्याचे निपल किंचित सैल करावे. ऑइलची धार येऊन चाक मोकळे झाले, तर दाब वरच अडकून राहतो आहे. म्हणजे रबरी नळी आतून फुगली आहे किंवा मास्टर सिलिंडरमधील परतीचे बारीक छिद्र बुजले आहे. निपल उघडूनही चाक घासतच राहिले, तर मात्र दट्ट्या किंवा पिना अडकल्या आहेत, असे समजावे.

कॅलिपर काढताना कामाचा क्रम पाळावा लागतो. निपल आणि पॅडची पिन हे घट्ट बसलेले भाग कॅलिपर गाडीवर पक्का असतानाच सैल करावेत. त्यानंतर कॅलिपर उतरवून पॅड काढावेत. पण ऑइलची नळी लगेच सोडवू नये. लिव्हर हळूहळू दाबत राहिल्यास ऑइलच्याच दाबाने दट्ट्या बाहेर येतो. त्या वेळी वरच्या टाकीत ऑइल घालत राहावे आणि खाली भांडे ठेवावे. दोन दट्टे असल्यास आधी सुटणारा दट्ट्या लाकडी ठोकळ्याने अडवून दुसरा मोकळा करावा. दाबयुक्त हवेने दट्ट्या काढणे धोक्याचे आहे, कारण तो अचानक उसळून बोटे चिरडू शकतात. पक्कडीने त्याची बाजू धरली, तर गुळगुळीत पृष्ठभागावर ओरखडे पडतात आणि तो निकामी होतो.

सुटे झालेले भाग ब्रेक क्लीनरने किंवा स्पिरिटने धुवावेत. पेट्रोल, डिझेल किंवा साधे ग्रीस यांमुळे रबरी सील फुगते, म्हणून ती वापरू नयेत. सीलच्या खाचेतील भुकटी लाकडी टोकाने काळजीपूर्वक खरवडावी. पॅडची धूळ फुंकून उडवू नये. जुन्या पॅडमध्ये फुप्फुसांना घातक असे अॅस्बेस्टॉस असू शकते. धूळ ओल्या फडक्याने पुसावी. ब्रेक ऑइल रंगावर सांडल्यास रंग निघतो. सांडताच ते पाण्याने धुवावे.

जुळणी करताना सील नवीनच घालावीत. नव्या ब्रेक ऑइलचा हात फिरवलेला दट्ट्या बोटांच्या दाबाने सरळ आत जावा. तिरका गेल्यास ठोकू नये, काढून पुन्हा बसवावा. खड्डे पडलेला दट्ट्या बदलावा. सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस आणि नळीच्या जोडाला नवे वॉशर लावावेत. बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याइतकेच आवळावेत.

शेवटी नळीतील हवा काढावी लागते. निपलला पारदर्शक नळी जोडून तिचे टोक ऑइलात बुडवावे. लिव्हर दाबावा, निपल उघडावे, निपल बंद करावे आणि मगच लिव्हर सोडावा. बुडबुडे थांबेपर्यंत हे करावे आणि वरची टाकी रिकामी होऊ देऊ नये. एबीएस असलेल्या नव्या गाड्यांना ही पद्धत जशीच्या तशी लागू करू नये. लिव्हर मिनिटभर घट्ट दाबून गळती तपासावी आणि मोकळ्या जागेत अगदी कमी वेगाने चाचणी घ्यावी. नवशिक्याने हे काम जाणत्या मेकॅनिकच्या देखरेखीखालीच करावे.

साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलणे आणि बंद गाडीचा ब्रेक अधूनमधून वापरणे, एवढी काळजी घेतली तरी हा प्रसंग बहुधा टळतो. अडकलेला दट्ट्या बाहेर काढणे हे हातांचे काम आहे. तो का अडकला, हे शोधणे बुद्धीचे. या दोन्हींची सांगड ज्याला घालता येते, त्याने दुरुस्त केलेल्या गाडीवर दुसऱ्याला निर्धास्तपणे बसता येते.