थंडीत व्यायाम का सुटतो आणि तो टिकवायचा कसा?



गेल्या डिसेंबरमधली गोष्ट. परिपाठात त्या दिवशी 'व्यायामाचे महत्त्व' हा विषय होता. मी नेहमीसारखं बोलले. हिवाळा म्हणजे तब्येत कमावण्याचा ऋतू, भूक चांगली लागते, लवकर दमायला होत नाही, म्हणून पहाटे उठावं, पळावं, सूर्यनमस्कार घालावेत. बोलून झाल्यावर पाचवीतल्या एका मुलीने हात वर केला. "बाई, तुम्ही किती वाजता उठून पळता?"

सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली. खरं सांगायचं तर दिवाळीच्या सुट्टीपासून माझं चालणं बंद होतं. पहाटे पाचला मी उठत होते, पण ते डब्यासाठी. आणि त्याच आठवड्यात आलेल्या रिपोर्टमध्ये माझी साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर दिसली होती. "सध्या बंद आहे गं," एवढंच मी म्हणाले आणि वर्गात गेले.

पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. जून ते ऑक्टोबर नीट चाललेला व्यायाम थंडीतच का सुटतो? यावर थोडं वाचलं, स्वतःवर प्रयोग केले. तेच आज तुमच्यासमोर मांडते.

आळस की आणखी काही?

आपण पटकन म्हणतो, "आळस, दुसरं काय!" पण आळस तर बारा महिने असतो. थंडीत त्याला तीन गोष्टींची साथ मिळते.

पहिली गोष्ट उजेडाची. पुणे-नाशिक भागात जूनमध्ये सहाच्या आसपास सूर्य उगवतो. जानेवारीत तोच सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास उगवतो. म्हणजे सकाळचा तासाभराहून जास्त उजेड कमी झाला. इथे एक गंमत आहे, बरं का. 22 डिसेंबरच्या सुमारास सर्वांत लहान दिवस असतो, हे आपण भूगोलात शिकवतो. म्हणून आपल्याला वाटतं की त्यानंतर लगेच लवकर उजाडायला लागतं. प्रत्यक्षात सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत आणखी उशिराच होत जातो. दिवस आधी वाढतो तो संध्याकाळच्या बाजूने. नोव्हेंबरअखेर सहाच्या जरा आधी मावळणारा सूर्य संक्रांतीच्या सुमारास सव्वासहाच्या आसपास मावळतो. आता बघा, 1 जानेवारीला आपण संकल्प सोडतो, "उद्यापासून पहाटे पाचला उठणार!" वर्षातल्या सर्वांत उशिरा उजाडणाऱ्या दिवसांत आपण हा मुहूर्त काढतो. मग नव्याचे नऊ दिवससुद्धा टिकत नाहीत, यात नवल काय?

दुसरी गोष्ट शरीराची. आपल्या शरीराचं तापमान पहाटेच्या वेळी दिवसभरातलं सर्वांत कमी असतं. त्यात बाहेर गारठा, सांधे आखडलेले. म्हणून गोधडी सोडवत नाही. पण गोधडी स्वतः ऊब तयार करत नाही. ती आपलीच ऊब अडवून धरते. ऊब तयार करण्याचं मोठं काम स्नायू करतात. स्नायू हलतात तेव्हा खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण तीन-चतुर्थांश भाग उष्णतेच्या रूपात बाहेर पडतो. म्हणूनच चालायला लागल्यावर पाच-दहा मिनिटांत स्वेटर काढावासा वाटतो. थोडक्यात, त्रास असतो तो सुरुवातीच्या काही मिनिटांचाच. विज्ञानाच्या तासाला मुलांना हा अनुभव जरूर द्या. आधी हात एकमेकांना लावून बघायचे, मग जागेवर शंभर उड्या मारायच्या आणि पुन्हा हात लावून बघायचे.

तिसरी गोष्ट आपल्या संकल्पाच्या आकाराची. रोज एक तास, बारा सूर्यनमस्कार, वर प्राणायाम! एवढं मोठं ठरवलं की एक दिवस चुकताच सगळंच मोडल्यासारखं वाटतं. आपल्याकडे याला 'आरंभशूर' असा नेमका शब्द आहे.

मग टिकवायचं कसं?

माझा अनुभव एका वाक्यात सांगते. थंडीतला व्यायाम उत्साहावर टिकत नाही, आधीच ठरवून ठेवलेल्या वेळेवर आणि जागेवर टिकतो. गोधडीत पडल्या पडल्या 'उठू की नको' हा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेलंच असतं. म्हणून तो प्रश्न सकाळसाठी शिल्लकच ठेवायचा नाही.

1. वेळ बदला, व्यायाम सोडू नका. पहाटेच व्यायाम केला पाहिजे असा काही नियम नाही. ज्या बाईला पाचला उठून चार डबे करायचे आहेत, तिला "पहाटे फिरायला जा" सांगणं सोपं आहे. मी माझी वेळ शाळा सुटल्यावरची केली. पाच वाजता मुलं गेली की शाळेच्याच मैदानावर फेऱ्या मारते. उजेड असतो, हवा उबदार असते, अंग मोकळं झालेलं असतं. शहरात तर थंडीच्या पहाटे धूर आणि धूळ जमिनीलगत साचून राहते. ऊन चढलं की ती हवा वर जाते. त्यामुळे तिथे उन्हं आल्यावर किंवा संध्याकाळी, रहदारीपासून दूर चालणंच बरं.

2. माप लहान ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम करावा. पण त्यातच असंही म्हटलं आहे की काहीच न करण्यापेक्षा थोडी हालचालही चांगली. म्हणून मी किमान माप ठरवलं, दहा मिनिटं. जास्त झालं तर आनंद, पण दहा मिनिटांना सुट्टी नाही. आपल्या आयुर्वेदातही, वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा असं सांगितलं आहे. म्हणजे तिथेही थंडीचा काळ व्यायामाचाच मानला आहे, पण धाप लागेपर्यंत नव्हे.

3. कामाला काम जोडा. 'रोज व्यायाम करेन' असं मोघम ठरवू नका. 'शाळेची घंटा झाली की बूट घालेन' असं ठरवा. सकाळी करणार असाल तर बूट, मोजे, कानटोपी रात्रीच उशाशी काढून ठेवा. छोटी गोष्ट आहे, पण अंधारात मोजे शोधता शोधताच पुष्कळ संकल्प मोडतात!

4. सोबत धरा. कुणीतरी फाटकापाशी आपली वाट बघतंय म्हटल्यावर पाय आपोआप निघतात.

5. एक दिवस चुकला तर दुसरा चुकवू नका. 21 दिवसांत सवय लागते असं आपण ऐकतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात मात्र सवय अंगवळणी पडायला मध्यमान 66 दिवस लागतात असं दिसलं. कुणाला 18 दिवस पुरतील, तर कुणाला 254 लागतील, असा तो अंदाज होता. आणि दिलासा देणारी गोष्ट म्हणजे मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हापासून संक्रांतीपर्यंत साधारण दोन महिने होतात. तेवढा काळ नेटाने काढला की निम्मी लढाई जिंकली.

ही काळजी घ्या

गारठ्यात रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. म्हणून रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्या आजी-आजोबांनी ऐन थंडीत भल्या पहाटे बाहेर पडू नये, डॉक्टरांना विचारून वेळ ठरवावी. दम्याच्या मुलांना कोरड्या गार हवेचा त्रास होतो, त्यांच्या नाकातोंडावर रुमाल असू द्या. सुरुवातीची पाच-सात मिनिटं अंग गरम करण्यासाठीच ठेवा. आणि तहान लागत नसली तरी पाणी प्या.

शाळेत आणि घरी

मुलांना, म्हणजे 5 ते 17 वयोगटाला, रोज सरासरी 60 मिनिटं हालचाल हवी. आणि आपण काय करतो? डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनाची तयारी, शिष्यवृत्तीचे जादा तास, आणि बळी जातो तो शारीरिक शिक्षणाचा तास. मीही गणितासाठी तो कितीदा घेतलाय, कबूल करते. रथसप्तमीला सामूहिक सूर्यनमस्कार होतात, फोटो निघतात, आणि दुसऱ्या दिवशी मैदान रिकामं. त्यापेक्षा रोज परिपाठाआधी उन्हात दहा मिनिटं कवायत किंवा लंगडी घेतली तर? पालकांनीही "जा, खेळ बाहेर" म्हणण्याऐवजी "चल, जाऊया" म्हणून बघावं. मुलं ऐकून कमी शिकतात, बघून जास्त शिकतात.

माझी साखर अजून उंबरठ्यावरच आहे, पण पुढे गेलेली नाही. डॉक्टर म्हणाले, चालणं सोडू नका. ती मुलगी आता सहावीत आहे. शाळेशेजारीच राहते, त्यामुळे कधी कधी माझ्याबरोबर फेऱ्या मारते. परवा तिने विचारलं, "बाई, आज किती?" मी म्हटलं, "आज दोनच गं, पाय दुखतोय." यंदा तिला खरं उत्तर देताना मान खाली घालावी लागली नाही.

तुमची दहा मिनिटं कोणती, ते आज रात्रीच ठरवा.